लग्नावर १७ लाख की आधी घर? घरात एकमत होत नाहीये

मोगरा_पिंपरी

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबण लागणार आहे, पण आकडे सांगितल्याशिवाय सल्ला मागण्यात अर्थ नाही.

माझं लग्न ठरलंय. मी २८ ची, तो ३० चा. दोघंही पिंपरी-चिंचवडमध्येच खासगी नोकरीत. माझ्या हातात महिन्याला ५२ हजार येतात, त्याच्या ६३. माझी शिल्लक ६ लाख, त्याची ८. हे १४ लाख घरासाठीच, हे आमचं लग्न ठरायच्या आधीपासून ठरलेलं आहे. मोशीत एका सात वर्षं जुन्या इमारतीतला टू बीएचके ५६ लाखांना मिळतोय, दोघांनाही आवडलाय.

मागच्या रविवारी याद्या झाल्या. साखरपुडा वेगळा, हळद वेगळी, लग्न चिंचवडच्या कार्यालयात ६०० माणसांचं, दोन दिवसांनी त्याच्या गावी (सातारा जिल्हा, कोरेगाव तालुका) पूजा आणि गावजेवण. बस्ता, मानपान, दागिने, फोटोवाला, सगळं मिळून दोन्हीकडचा अंदाज १७ लाखांवर गेला. माझ्या बाबांनी माझ्या लग्नासाठी म्हणून ८ लाखांची एफडी ठेवलीय. त्याचे आईवडील ५ लाख घालणार. उरले ४ लाख. त्याचे वडील म्हणाले, मुलाच्या नावावर पाच लाखांचं पर्सनल लोन काढू, नाहीतर तुमच्या शिल्लकेतून घ्या, पगार आहेत, फिटेल.

मला वाटतं, लग्न अगदी साधं करावं आणि बाबांचे ८ लाखही घरात घालावेत. मग कर्जही कमी काढावं लागेल. आईला हे अजिबात मान्य नाही. बाबा काहीच बोलत नाहीत. होणारा नवरा माझ्या बाजूने आहे, पण वडिलांपुढे त्याचं तोंड उघडत नाही.

ज्यांनी हे सगळं पार पाडलंय, त्यांनी कृपया लिहा.

हिशेबनीस

अभिनंदन, आणि आकडे मांडलेत ते फार बरं केलंत. आधी घराचा हिशेब पुरा करू, कारण तुम्ही धरलाय त्यापेक्षा तो मोठा आहे.

किंमत ५६ लाख. ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देऊ शकते. म्हणजे ४४.८ लाख बँकेचे, ११.२ लाख तुमचे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी यांत धरत नाहीत, ते वेगळे खिशातून जातात. पिंपरी-चिंचवडला मुद्रांक ७ टक्के, म्हणजे ३ लाख ९२ हजार. नोंदणी ३० हजार. दलालाचा एक टक्का धरा, ५६ हजार. सोसायटीची हस्तांतरण फी, वकील, बँकेची प्रोसेसिंग फी हे सगळं धरलं की साडेसोळा लाखांच्या आसपास रोख लागणार. त्यानंतर रंग, पंखे, स्वयंपाकघर.

म्हणजे लग्नाला हातही लावला नाहीत तरी १४ लाख पुरत नाहीत. अडीच लाख आत्ताच कमी आहेत. त्यातून लग्नाचे चार काढले तर साडेसहा लाख कमी पडतील.

आता लोनचं बघू. पाच लाख, पाच वर्षं, १२ टक्के धरले तर हप्ता साधारण ११,१०० आणि एकूण फेड ६ लाख ६७ हजार. घराच्या ४४.८ लाखांना साडेआठ टक्के आणि वीस वर्षं धरली तर हप्ता ३८,९०० च्या आसपास. दोन्ही मिळून ५० हजार. दोघांच्या १ लाख १५ हजारांत ते बसतं आणि बँकही देईल, कारण बऱ्याच बँका हातातल्या पगाराच्या निम्म्यापर्यंत हप्ते चालवून घेतात. पण पुढच्या पाच वर्षांत बाळंतपण येऊ शकतं, एखादी नोकरी जाऊ शकते. ज्या महिन्यात तुमचा पगार थांबेल त्या महिन्यात त्याच्या ६३ हजारांतून हप्ते जाऊन घरात १३ हजार उरतील. लग्नाचं लोन नसेल तर २४ हजार उरतील. दोन्ही ओढाताणच, पण पहिल्यात निभाव लागत नाही.

माझं मत सरळ आहे. लग्नासाठी कर्ज नको, कोणाच्याही नावावर नको. बाकी सगळं चर्चेने ठरवता येईल.

एक वेगळी गोष्ट लक्षात ठेवा. घर ५० लाखांच्या वर असल्यामुळे विकणाऱ्याला पैसे देताना १ टक्का टीडीएस कापून सरकारकडे भरणं ही खरेदीदाराची जबाबदारी असते. हा वेगळा खर्च नाही, किमतीतूनच कापायचा, पण विसरला तर दंड तुम्हाला.

पाऊलवाट

हिशेबनीस यांना अनुमोदन. फक्त एक भर. घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, म्हणजे यांच्या बाबतीत ५६ हजार वाचतात. पूर्वी अशा घराच्या पुढच्या विक्रीवर १५ वर्षांची अट होती, ती २०२३ मध्ये काढली. पण नवऱ्याचंही नाव घातलं की सवलत मिळत नाही. कर्जाला तो सहकर्जदार राहू शकतो.

हिशेबनीस

बरोबर. फक्त मालकीत नाव नसलेल्याला व्याजावरची करसवलत मिळत नाही, आणि आठ लाख त्याचे असताना कागदावर त्याचं नाव नसणं त्यालाही पटायला हवं. ५६ हजारांसाठी हा निर्णय घाईने करू नका. दोघांनी शांतपणे बसून ठरवा.

चौघडा

माझ्या घरचं मंगल कार्यालय आहे (गाव सांगत नाही, जाहिरात नको). रोज लग्नं बघतो म्हणून लिहितो.

लग्नाचा खर्च माणसांवर ठरतो. बाकी सगळं त्यामागून येतं. ६०० माणसं म्हटली की मोठा हॉल आला, मोठ्या हॉलला मोठी सजावट आली, जास्त वाढपी आले, पार्किंग आलं, जनरेटर आला. आमच्याकडे सध्या साधं महाराष्ट्रीय ताट ५५० ला पडतं. ६०० चे झाले ३ लाख ३० हजार, २५० चे १ लाख ३७ हजार. फरक दोन लाखांचा दिसतो, पण हॉल, सजावट आणि मनुष्यबळ धरलं तर प्रत्यक्षात त्याच्या दुपटीला जातो.

दुसरं, ताटांची किमान संख्या. ६०० ची हमी दिलीत आणि ४२० आले, तरी ६०० चे पैसे द्यावे लागतात. लोक पत्रिका वाटतात त्या कुटुंबांच्या, आणि ताटं सांगतात ती माणसांची, यात फार घोळ होतो. मुलीकडचे म्हणतात आमचे ३००, मुलाकडचे म्हणतात आमचे ३००, आणि दोन्हीकडच्या यादीत कंपनीतली तीच माणसं असतात.

तिसरं, तारीख. मे महिन्यातला रविवार आणि फेब्रुवारीतला बुधवार यांत आमच्याकडे भाड्याचा मोठा फरक असतो. चातुर्मासात नेहमीचे मुहूर्त नसतात, पण पंचांगात गौणकालातले मुहूर्त दिलेले असतात. अडचण असेल तर गुरुजी ते काढून देतात. त्या दिवसांत हॉल रिकामेच असतात आणि मालक ऐकतात.

आणि पैसे देताना पक्की पावती घ्या. एका कार्यक्रमासाठी दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला कायद्याने बंदी आहे. तरीही कोणी रोखच मागत असेल तर दुसरीकडे जा.

अजून_एक_आई

मोगरा, तुझ्या आईच्या वयाची आहे म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नकोस.

इथे सगळे आकडे मांडतायत आणि ते खरेच आहेत. पण तुझी आई का ऐकत नाही ते मला कळतं, म्हणून तिच्या बाजूने लिहिते. तुझ्या घरी आहेराची वही असेल, ती एकदा उघडून बघ. तीस वर्षं तुझ्या आईने कोणाच्या बारशाला काय दिलं, कोणाच्या मुंजीला काय, कोणाच्या मुलीच्या लग्नात साडी दिली, कोणाच्या घरभरणीला भांडं दिलं, सगळं त्यात आहे. ती सगळीकडे गेली, जेवली, आशीर्वाद देऊन आली. आता तिच्या दारात मांडव पडणार, आणि तू म्हणतेस कोणाला बोलवायचं नाही. तिच्या नजरेने बघ, हे किती जिव्हारी लागेल.

आमच्या मोठ्या दिरांना रात्री दोन वाजता दवाखान्यात नेलं तेव्हा गाडी काढून कोण आलं? शेजारच्या वाड्यातली मुलं. रक्ताची बाटली कोणी आणली? भाचेजावयाने. आमच्या घरचं लग्न झालं ते याच लोकांच्या आधारावर. हे लोक लग्नाला येतात तेव्हा फुकट जेवायला येत नाहीत. ते तुझ्या घराशी नातं आहे हे सांगायला येतात. तू उद्या मोशीत नवीन सोसायटीत राहायला जाशील, तिथे शेजारी कोण ते कळायला वर्ष जाईल. अडीअडचणीला हीच माणसं.

म्हणजे १७ लाख घाल असं मी म्हणत नाही. लोन तर अजिबात नको, हिशेबनीसांचं शंभर टक्के खरं. पण कापायचं असेल तर फोटोवाल्याचं ड्रोन काप, साखरपुड्याचा वेगळा हॉल काप, दोनदा बदलायचे शालू काप, पाव्हण्यांना द्यायच्या भेटवस्तू काप. माणसं कापायची असतील तर आईला घेऊन बस, आणि तिलाच ठरवू दे कोण हवं आणि कोण नको. तिने ठरवलं तर ती कापेलही. तू कापलंस तर तिला आयुष्यभर सलत राहील.

रानजाई

काकूंचं मनापासून पटलं, तरी एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही.

मुलीच्या बाबांचे ८, मुलाच्या घरचे ५. का? लग्न दोघांचं आहे ना? "मुलीकडचे लग्न करून देतात" हे आपण इतकं गृहीत धरतो की याद्या करताना कोणाला विचित्रही वाटत नाही. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा आहे, तरी मानपानाच्या, "तुमच्या हौसेने करा"च्या नावाखाली मुलीच्या बापाच्या गळ्यात ओझं पडतच राहतं. २०२५ मध्ये पुण्यात आणि अहिल्यानगरला मराठा समाजाच्या बैठका होऊन लग्नाची आचारसंहिता ठरवली गेली. कमी माणसं, डीजे नको, प्री-वेडिंग नको, देणंघेणं नको. समाजातल्या मोठ्यांनाच हे बोलावं लागलं, इतकं ते हाताबाहेर गेलंय.

आणि हे काही आजचं नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला आणि त्याच वर्षी कमी खर्चाचं, पुरोहिताशिवायचं लग्न लावून दाखवलं. लग्नासाठी माणूस कर्जात बुडतो हे त्यांनी दीडशे वर्षांपूर्वी पाहिलं होतं. आज आपण सावकाराच्या जागी बँकेचं ॲप आणलंय.

मोगरा, जो काही खर्च ठरेल तो दोन्हीकडून निम्मा-निम्मा करा आणि हे तुझ्या होणाऱ्या नवऱ्याने त्याच्या घरी स्वतः सांगायला हवं. तू सांगितलंस तर सुनेचं तोंड दिसेल. त्याचं तोंड उघडत नाही हे तू एका ओळीत लिहून पुढे गेलीस, मला या सगळ्या धाग्यात तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटलं.

ऊसपट्टा

मी कोरेगावच्या शेजारच्याच तालुक्यातला, म्हणून गावजेवणाबद्दल लिहितो.

शहरातल्या लोकांना वाटतं गावजेवण म्हणजे पैशाची उधळपट्टी. तसं नाही. आचारी आणि शिधा आपला, वाढायला भावकीतली पोरं, मांडव गावातलाच. भात, आमटी, चपाती, एक भाजी आणि बुंदी. आमच्याकडे माणशी शंभर-सव्वाशेच्या आत जातं. ८०० माणसं जेवली तरी लाखाच्या आतबाहेर. चिंचवडच्या हॉलात तेवढ्या पैशांत दोनशे ताटं होत नाहीत. म्हणून काही कमी करायचं असेल तर गावाकडचं करू नका. त्या मुलाच्या वडिलांचं सगळं आयुष्य त्या गावात गेलंय, आणि त्यांच्यासाठी खरं लग्न तेच आहे.

पण लोनचं ऐकून वाईट वाटलं. आमच्याकडे मुलीच्या लग्नासाठी उसाच्या बिलावर उचल घेतात, गावच्या विकास सोसायटीचं पीककर्ज थकतं, मग एखादा एकर जातो. मी हे माझ्या भावकीत बघितलंय. गेलेली जमीन परत आलेली बघितली नाही. तुमच्या सासऱ्यांना वाटतं नोकरीवाल्या पोराला हप्ता म्हणजे काहीच नाही. त्यांना घराचा हप्ता ३९ हजार आहे हे कोणी कागदावर लिहून दाखवलंय का? बहुधा नाही. शेतकरी माणूस कर्जाला घाबरतो, त्याला नीट सांगा, तो समजून घेतो.

मोगरा_पिंपरी

सगळ्यांचे खूप आभार. ऑफिसमधून वाचत होते, डोळे भरून आले.

ऊसपट्टा, नाही, त्यांना घराच्या हप्त्याचा आकडा माहीतच नाही. घराबद्दल त्यांना फक्त "पोरं घर बघतायत" एवढंच ठाऊक आहे.

रानजाई, तुमचं वाचून मी त्याला सरळ फोन केला. तो म्हणाला या शनिवारी गावी जातो आणि बोलतो. बघू.

काकू, आहेराची वही आहे आमच्याकडे. आईच्या लग्नापासूनची. काल रात्री बघितली. तुम्ही म्हणता ते मला कळलं.

कवडसा

थोडं वेगळं. घराची घाई का? लग्नानंतर एक वर्ष भाड्याने राहा. कोणाचं ऑफिस कुठे हलतंय, किती वाजता कोण घरी येतं, सासू-सासरे वर्षातून किती दिवस येऊन राहणार, हे सगळं एका वर्षात कळतं. मग टू बीएचके हवा की वन बीएचके पुरे, मोशी बरी की रावेत, हे आपोआप ठरतं. मोशीत वन बीएचके पंधरा-सोळा हजारांत मिळतो. हप्त्याच्या निम्म्याहून कमी.

हा फ्लॅट हातचा जाईल हे खरं. पण मोशीत विकायला असलेला तो एकच फ्लॅट नाही.

सह्याद्री_माची

धागाकर्तीने एक गोष्ट लग्नाच्या आधीच बघावी. म्हाडाच्या पुणे मंडळाची सोडत निघते त्यात खासगी बिल्डरांच्या प्रकल्पातली २० टक्के योजनेची घरंही असतात, पिंपरी-चिंचवडमध्येही. ती बाजारभावापेक्षा बरीच स्वस्त असतात. पण ती अत्यल्प आणि अल्प उत्पन्न गटासाठी असतात. पुणे महानगर प्रदेशात अल्प गटाची मर्यादा कुटुंबाच्या वार्षिक ९ लाखांची आहे. कुटुंब म्हणजे अर्जदार आणि त्याचा जोडीदार. आज तुमचं एकटीचं उत्पन्न त्यात बसतं. लग्नानंतर दोघांचं मिळून १२ लाखांच्या वर जाईल आणि तुम्ही उच्च गटात मोजल्या जाल.

नंबर लागेल की नाही कोणाच्या हातात नाही, त्यावर बेत आखू नका. पण सोडत निघालेली असेल तर अर्ज जरूर भरा. सोडत लागली नाही तर अनामत परत मिळते. अर्ज फक्त म्हाडाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच, "आतून करून देतो" म्हणणाऱ्या कोणालाही एक रुपया देऊ नका.

निवृत्त_पिंपरी

मी इथे क्वचित लिहितो. मोगरा, तू जे लिहिलं नाहीस त्याबद्दल विचारतो. तुझे बाबा काय करतात? निवृत्त आहेत का? पेन्शन आहे का? घर स्वतःचं आहे का?

मोगरा_पिंपरी

काका, बाबा एका खासगी कारखान्यात होते, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. घर स्वतःचं आहे, आकुर्डीत, छोटं. पीएफची पेन्शन येते पण ती तीन हजारांच्या आसपास. आई घरीच असते. भाऊ शिकतोय, शेवटचं वर्ष. ८ लाखांशिवाय आणखी थोडे आहेत, सहा-सात असतील. मला नक्की माहीत नाही.

निवृत्त_पिंपरी

मग ऐक. मीही भोसरीच्या कारखान्यातून निवृत्त झालेला माणूस आहे. तुझ्या बाबांची परिस्थिती मला आतून माहीत आहे.

इथे सगळे "लग्न की घर" असं बोलतायत. आठ लाख लग्नात घालायचे की मोशीच्या फ्लॅटमध्ये. मला यात तिसरा माणूस दिसतो आणि तो तुझा बाप आहे. त्याच्याकडे सगळे मिळून चौदा-पंधरा लाख. पेन्शन तीन हजार. दोघांचं आयुष्य अजून वीस-पंचवीस वर्षांचं. एका बायपासला किंवा गुडघ्याच्या ऑपरेशनला किती लागतात ते तू विचारून बघ. नोकरीत असताना कंपनीचा विमा होता, निवृत्तीनंतर तो गेला. या वयात नवीन घ्यायचा तर प्रीमियम भारी आणि आधीच्या आजारांना काही वर्षं थांबावं लागतं.

त्याने ती एफडी तुझ्या नावाने ठेवली कारण बापाने तसं ठेवायचं असतं असं त्याला शिकवलं गेलं. आता तू ती घरात घाल म्हणतेस, तुझी आई लग्नात घाल म्हणते. तो गप्प आहे कारण दोन्हीत त्याच्याकडे फारसं काही उरत नाही, आणि हे तो मुलीपुढे बोलणार नाही. मी पण बोललो नसतो.

तुम्ही दोघं कमावता. १४ लाख आहेत, वय हातात आहे. घर वर्षाने झालं तरी चालतं. तुझ्या बाबांचं वय मात्र पुढेच जाणार. त्यांच्याकडून लग्नासाठी जेवढं त्यांना खरंच मनापासून द्यायचंय तेवढं घे, त्यांचा मान राहील. पण घरासाठी त्यांचा एक रुपयाही घेऊ नकोस, आणि लग्न झाल्यावर त्यांच्याकडे किती उरणार हे आधी विचार. हा प्रश्न तुझ्या आईने कधी विचारला नसेल. तू विचार.

अजून_एक_आई

निवृत्त काका, तुम्ही फार मोठी गोष्ट लिहिलीत. माझ्याही हे लक्षात आलं नव्हतं.

टिपूर

दागिन्यांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. सोनं घ्यायचंच असेल तर मंगळसूत्र आणि दोन बांगड्या घडवा, बाकी वेढणी, म्हणजे चोख सोन्याची साधी वळी, घ्या. जड नक्षीच्या तोड्यांत आणि राणीहारात घडणावळ दहा-पंधरा टक्के जाते, वर जीएसटी, आणि मोडायला नेलं की घडणावळीचा एक पैसा परत येत नाही. वेढणीत ती जवळजवळ नसते. उद्या डाउन पेमेंटला कमी पडलं तर ती मोडताना फारसं नुकसान होत नाही. आणि ते स्त्रीधन आहे, तुमचं स्वतःचं, हे विसरू नका. लॉकर तुमच्या नावावर असू दे.

पाऊलवाट

नोंदणी विवाहाचा विचार केलाय का? विशेष विवाह कायद्याखाली नोटीस द्या, ३० दिवस थांबा, तीन साक्षीदार घेऊन जा. शुल्क अगदी किरकोळ. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न करावं लागतं एवढं लक्षात ठेवा. मग गावी पूजा आणि जेवण. आम्ही असंच केलं आणि दोन्हीकडचे आनंदात जेवले.

मोगरा_पिंपरी

पाऊलवाट, आईला मंगलाष्टकं हवीतच, तिथे मी अडणार नाही.

सगळ्यांना काय झालं ते सांगते, कारण इथल्या प्रत्येक प्रतिसादाचा त्यात वाटा आहे.

तो शनिवारी गावी गेला. ऊसपट्टा दादांनी सांगितलं तसं वहीच्या पानावर लिहून नेलं. घराचा हप्ता, लोनचा हप्ता, दोघांचा पगार, माझा पगार थांबला तर काय. त्याचे वडील बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, हे मला आधी का नाही सांगितलं. लोनचा विषय तिथेच संपला. त्यांची एकच इच्छा होती, गावजेवण व्हावं. ते होणार आहे, आणि आम्ही दोघंही त्यात वाढायला असू.

मी बाबांना विचारलं, लग्न झाल्यावर तुमच्याकडे किती राहतील. आईसमोरच विचारलं. बाबा काही बोलले नाहीत, उठून बँकेची पासबुकं घेऊन आले. आईने ती पहिल्यांदाच अशी एकत्र बघितली. त्या रात्री आईनेच पाहुण्यांची यादी काढली, वही शेजारी ठेवून, आणि स्वतः नावं कमी केली. कोणाला गावजेवणाला बोलवायचं, कोणाच्या घरी आम्ही दोघांनी नंतर पाया पडायला जायचं, सगळं तिने लिहिलं. चिंचवडच्या लग्नाला २५० माणसं. साखरपुडा लग्नाच्या आदल्या संध्याकाळी, त्याच हॉलात. पत्रिकेत "आहेर आणू नये" छापायचं, त्याला आई तयार नव्हती, आता तयार आहे.

बाबांचे ५ लाख लग्नात, ३ लाख त्यांच्याकडेच राहतील. त्याच्या घरचे ५. रानजाई, निम्मे-निम्मे झाले. एकूण १० लाखांत बसवायचंय. आमचे १४ तसेच. मोशीचा फ्लॅट सोडून दिला, त्याचं वाईट वाटतंय, खोटं बोलणार नाही. वर्षभर भाड्याने राहणार, महिन्याला ३५ हजार बाजूला टाकणार, म्हणजे वर्षाने १८ लाखांच्या वर होतील. हिशेबनीस, साडेसोळा आणि रंगरंगोटी त्यात बसेल ना? म्हाडाची सोडत निघाली तर माझ्या नावाने अर्जही टाकणार.

चौघडा दादा, एक विचारायचं राहिलं. आम्ही जो हॉल बघितला तो ५० हजार बयाणा मागतोय, आणि तारीख बदलली तर परत नाही म्हणतोय. द्यावा का?

हिशेबनीस

बसेल. फक्त ते १८ लाख शेअर बाजारात घालू नका, वर्षभरात लागणारे आहेत. एफडी किंवा आवर्ती ठेव. आणि वर्षभरात दोघांनीही क्रेडिट कार्डाचं बिल एकदाही थकवू नका, गृहकर्जाच्या वेळी बँक तेच आधी बघते.

चौघडा

५० हजार इतक्या छोट्या कार्याला जास्त आहे, २० पासून बोलणी सुरू करा. परत नाही म्हणतात ते बहुतेक सगळेच म्हणतात, पण तारीख पुढे ढकलली तर तोच बयाणा नव्या तारखेला वळता करून घ्यायला बरेच मालक तयार होतात, आणि ते पावतीवर लिहून घ्यायचं. पावतीवर चार गोष्टी हव्यात: तारीख आणि हॉल कधी ताब्यात मिळणार ती वेळ, किमान ताटं किती, वीज-जनरेटर-सफाई भाड्यात धरलीय की वेगळी, आणि बाहेरचा डेकोरेटर चालतो का. तुमचा साखरपुडा आदल्या संध्याकाळी आहे, म्हणजे हॉल आदल्या दिवशी चारला ताब्यात हवा, नाहीतर दोन दिवसांचं भाडं लावतील. आणि किमान ताटं २२० सांगा, २५० नको. जास्त आले तर तीस ताटं आम्ही कधीही वाढवून देतो.